कन्व्हर्टरला कोणती केबल लावाल?
मिक्सरमधून कन्व्हर्टरकडे जाणाऱ्या केबलचा जाडा प्लग आधी नीट बघा. त्यावर काळ्या पट्ट्या दोन हव्यात. एकच असेल तर ती गिटारला लावतात ती केबल. तिच्यातून आवाज येईल, पण सोबत विजेची घुंऽऽ पण येऊ शकते: अमेरिकेत ६० हर्ट्झची, लंडनमध्ये ५०ची.

दोन पट्टीवाल्या केबलमध्ये सिग्नल दोन तारांतून जातो, एकीत सुलटा, दुसरीत उलटा. वाटेत शिरलेली घुंऽऽ मात्र दोन्हींत जवळपास सारखी. कन्व्हर्टर वजाबाकी करतो, घुंऽऽ कटते, आवाज उरतो. (चौथीचं गणित, खरंच!) फक्त मिक्सर आणि कन्व्हर्टर दोन्हीकडची जोडणी ‘बॅलन्स्ड’ हवी.

आजीची मुलाखत रेकॉर्ड करायची असेल तर हे आधीच बघा. ६० हर्ट्झच्या घुंऽऽचे भाऊबंद १२०, १८०, २४० हर्ट्झवर बसलेले असतात, आजीच्या आवाजातच. नंतर सॉफ्टवेअरने ते खरवडताना आवाजही थोडा खरवडला जातो.