गटात बोललात, पण कागदावर काय गेलं?

भोसरी, निगडी, चाकण म्हटलं की पाळ्या आल्याच. नवरा रात्रपाळीला, आणि मनातलं ऐकायला घरात कुणी नाही. म्हणून आपल्यापैकी कितीतरी जणी समुपदेशकाकडे गटात बसू लागल्या आहेत. जवळच पुण्यात, १९८६ साली निघालेल्या मुक्तांगणने व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट सुरू केला. एकीनं तोंड उघडलं की दुसरीला धीर येतो, हे खरंच.

पण मैत्रिणींनो, परतताना बसमध्ये शंका येतेच ना? बाईंनी लिहून घेतलं, ते वाचणार कोण?

समजा, तुम्ही नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोललात आणि ते शेजारणीच्या फाइलीत तुमच्या नावानिशी गेलं. उद्या तिचा घटस्फोटाचा दावा उभा राहिला, कोर्टानं फाइल मागवली, की तुमचं घर चव्हाट्यावर! त्यातून दोघींचे नवरे एकाच कारखान्यात असले, तर बघायलाच नको. म्हणून जाणता समुपदेशक प्रत्येकीची फाइल वेगळी ठेवतो. तीत तिचंच लिहितो; बाकीच्या जणी म्हणजे नुसतं ‘गटातील एक जण’. सगळ्यांची मिळून एकच वही ठेवणारा मला तरी आळशी वाटतो.

मग लिहूच नये का? छे! एखादीनं जीव द्यायची भाषा केली आणि त्याची नोंदच नसली, तर पुढच्या खेपेला तिला सांभाळायचं कशाच्या आधारावर? शिवाय १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पैसे घेऊन उपचार करणारे डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले. तक्रार झालीच, तर त्यांनाही हीच नोंद तारते.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, लागू झाला मे २०१८ मध्ये. गुप्तता पाळायचं बंधन तो उपचार करणाऱ्यांवर घालतो. कुणाच्या जिवाला धोका असेल, तेवढं त्यांना सांगता येतं. पण शेजारी बसलेल्या बाईला हा कायदा बांधत नाही! तिचा शब्द हीच हमी. समुपदेशकानं हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवं. नाही सांगितलं, तर तुम्ही विचारा.

आणखी एक. या कायद्यात ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ असतो. त्याच्या कामापुरती तुमची माहिती त्याला मिळू शकते. तुम्ही कुणाचं नाव दिलं नसेल, तर तो मान नातेवाइकाकडे जातो, म्हणजे बहुधा कोणाकडे, ते सांगायला नकोच! साध्या कागदावर नाव लिहून सही किंवा अंगठा केला तरी चालतो. बहिणीचं द्या, मैत्रिणीचं द्या. तिचा लेखी होकार मात्र लागतो.