अतिलघु अवरक्त लेसर स्पंद आणि अरेषीय प्रकाशिकी : दीर्घ तरंगांकडून क्ष-किरणांकडे

प्रस्तावना

प्रकाशकिरण काचेतून वा पाण्यातून जाताना वाकतो; पण सामान्यतः त्याचा रंग बदलत नाही. दोन किरण एकमेकांना छेदून गेले, तरी परस्परांवर परिणाम न करता ते आपापल्या मार्गाने पुढे जातात. शालेय अभ्यासक्रमातील प्रकाशशास्त्र याच गृहीतावर उभे आहे. १९६० मध्ये लेसरचा शोध लागल्यानंतर मात्र हे गृहीत मंद प्रकाशापुरतेच खरे असल्याचे स्पष्ट झाले. तीव्र प्रकाशात पदार्थाचे वर्तन ज्या शाखेत अभ्यासले जाते, तिला अरेषीय प्रकाशिकी असे म्हणतात. प्रस्तुत लेखात या शाखेतील अतिलघु अवरक्त स्पंदांवरील संशोधनाचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे. अवरक्त प्रकाशाच्या फोटॉनची ऊर्जा दृश्य प्रकाशापेक्षाही कमी असते. असे असूनही क्ष-किरण मिळविण्यासाठी संशोधक अधिकाधिक लांब तरंगांकडे का वळले, हा येथील मध्यवर्ती प्रश्न आहे.

अरेषीय प्रतिसाद

प्रकाशतरंगाच्या विद्युत् क्षेत्रामुळे पदार्थातील इलेक्ट्रॉन आंदोलित होतात. सूर्यप्रकाशातील हे क्षेत्र मीटरला सुमारे १,००० व्होल्ट इतके असते; तर हायड्रोजन अणूतील इलेक्ट्रॉनवर मीटरला सुमारे ५० हजार कोटी व्होल्ट इतके क्षेत्र कार्य करीत असते. या तुलनेत सूर्यप्रकाशाचा धक्का नगण्य ठरतो आणि इलेक्ट्रॉनचे आंदोलन क्षेत्राच्या सम प्रमाणात राहते. लेसरच्या तीव्र क्षेत्रात हे प्रमाण बिघडते आणि मूळ कंप्रतेबरोबर तिच्या पटीतील कंप्रताही उमटू लागतात. संगीताच्या भाषेत सांगावयाचे, तर मध्य षड्ज जोराने छेडल्यावर तार षड्जही ऐकू यावा, तसे हे आहे.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये ६९४.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा लेसर प्रकाश क्वार्ट्झच्या स्फटिकातून पाठविला. त्यातून निम्म्या तरंगलांबीचा, म्हणजे सुमारे ३४७ नॅनोमीटरचा, जंबुपार प्रकाश मिळाला. तो इतका क्षीण होता की, शोधनिबंधाच्या छापील छायाचित्रात त्याचा ठिपका उमटलाच नाही.

या क्षीणतेचे कारण महत्त्वाचे आहे. स्फटिकात मूळ तरंग आणि नवा तरंग वेगवेगळ्या गतीने प्रवास करतात. त्यामुळे निरनिराळ्या ठिकाणी जन्मलेले नवे तरंग एकाच कलेत न राहता परस्परांना नष्ट करतात. स्फटिक योग्य कोनात ठेवून दोन्ही तरंगांची गती सारखी करता येते, हे १९६२ मध्ये सिद्ध झाले. यालाच कला-जुळणी असे म्हणतात. याच वर्षी निकोलास ब्लूमबर्गेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या शाखेची सैद्धांतिक बैठक मांडली. लेसर वर्णपटविज्ञानातील कार्याबद्दल ब्लूमबर्गेन यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

स्पंद अतिलघु का हवेत?

एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक हजार लक्ष कोटीवा भाग होय. ३० फेम्टोसेकंदांत प्रकाश अवघे ९ मायक्रोमीटर अंतर कापतो. एक मिलिज्यूल ही ऊर्जा अगदी क्षुल्लक होय. तथापि ती ३० फेम्टोसेकंदांत सामावली, तर त्या क्षणापुरती शक्ती ३,००० कोटी वॅटहून अधिक होते. थोडक्यात, येथे ऊर्जा वाढविण्यापेक्षा काळ आखडण्यावर भर असतो.

मात्र एवढी शक्ती लेसरचे प्रवर्धक माध्यमच जाळून टाकते. १९८५ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी यावर उपाय शोधला. स्पंद आधी काळात ताणावयाचा, मग प्रवर्धित करावयाचा आणि शेवटी पुन्हा आखडावयाचा, अशी ही पद्धती आहे. तिच्यासाठी दोघांना २०१८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. टायटॅनियमयुक्त नीलमण्याच्या लेसरमधून ८०० नॅनोमीटरच्या आसपासचे असे स्पंद मिळतात. त्याहून लांब तरंग हवे असल्यास स्फटिकात एका फोटॉनचे दोन लहान फोटॉनांत विभाजन घडवून आणतात. ही क्रियाही अरेषीयच आहे.

लांब तरंगाचा लाभ आणि त्याची किंमत

फ्रान्समधील साक्ले येथे आन लुइलिए यांच्या गटाने १,०६४ नॅनोमीटरचे अवरक्त स्पंद आर्गॉन वायूवर केंद्रित केले. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मूळ कंप्रतेच्या ३३ पटीपर्यंतच्या विषम कंप्रता आढळल्या. याचे स्पष्टीकरण पॉल कॉर्कम यांनी १९९३ मध्ये तीन पायऱ्यांत दिले. तीव्र क्षेत्र इलेक्ट्रॉनला अणूपासून सोडविते, मोकळ्या इलेक्ट्रॉनला वेग देते आणि क्षेत्राची दिशा उलटताच त्याला परत अणूवर आदळविते. त्या वेळी मिळविलेली ऊर्जा एका फोटॉनच्या रूपाने बाहेर पडते.

या फोटॉनची कमाल ऊर्जा म्हणजे अणूची आयनीभवन ऊर्जा अधिक इलेक्ट्रॉनच्या सरासरी आंदोलन ऊर्जेची ३.१७ पट होय. आंदोलन ऊर्जा प्रकाशाच्या तीव्रतेच्या, तसेच तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मध्यवर्ती प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. तरंग लांब असल्यास इलेक्ट्रॉनला वेग घेण्यास अधिक अवधी मिळतो. हेलियम वायूवर चौरस सेंटीमीटरला २०० लक्ष कोटी वॅट तीव्रतेचा प्रकाश टाकला, तर ८०० नॅनोमीटरला ही मर्यादा सुमारे ६० इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते. त्याच तीव्रतेला ३.९ मायक्रोमीटरचा तरंग वापरल्यास ती ९०० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पुढे जाते.

परंतु या लाभाची किंमत मोजावी लागते. परतीचा प्रवास लांबल्याने इलेक्ट्रॉनचा तरंग विस्कटतो आणि अणूशी त्याची गाठ पडण्याची शक्यता घटते. एका अणूकडून मिळणारा प्रकाश तरंगलांबीच्या पाचव्या ते सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घसरतो. वरील उदाहरणात ही घट हजारो पटींची भरते. त्यामुळे हा मार्ग निरुपयोगी ठरण्याचा धोका होता. तो टळला कला-जुळणीमुळेच. २०१२ मध्ये टेनिओ पॉपमिन्चेव्ह व सहकाऱ्यांनी पोकळ नलिकेत उच्च दाबाखाली हेलियम भरून ३.९ मायक्रोमीटरचे स्पंद सोडले. असंख्य अणूंचा प्रकाश एका कलेत आला आणि १,६०० इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतचे क्ष-किरण मिळाले. यात ५,००० हून अधिक अवरक्त फोटॉनांची ऊर्जा एका फोटॉनमध्ये एकवटली होती.

उपयोग

२८४ ते ५४३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पट्ट्यात कार्बन क्ष-किरण शोषतो, तर पाणी त्यामानाने पारदर्शक असते. म्हणून ओल्या पेशींच्या प्रतिमा घेण्यास हा पट्टा अनुकूल आहे. याच क्रियेतून अ‍ॅटोसेकंद स्पंद मिळतात आणि इलेक्ट्रॉनच्या हालचालींचा वेध घेता येतो. या कार्यासाठी पिएर आगोस्तिनी, फेरेन्स क्राउस आणि आन लुइलिए यांना २०२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

समारोप

सिंक्रोट्रॉनच्या महाकाय वर्तुळातून मिळणाऱ्या क्ष-किरणांच्या तुलनेत टेबलावरील हे किरण आजही क्षीण आहेत, ही मर्यादा नमूद करणे आवश्यक आहे. तथापि १९६१ मधील न उमटलेल्या ठिपक्यापासून २०१२ च्या प्रयोगापर्यंत एक सूत्र कायम दिसते. प्रकाश तीव्र असणे ही केवळ पहिली अट होय. असंख्य अणूंनी एका कलेत प्रतिसाद देणे ही दुसरी. ही दुसरी अट जेथे पूर्ण झाली, तेथेच या शाखेतील कुतूहलाचे रूपांतर साधनात झाले आहे.