बाईंनी दिलेला विषय

संशोधन करणाऱ्या मुलांना घरीदारी एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘विषय काय?’ मुलांना पडलेला प्रश्न मात्र वेगळाच असतो, ‘गाइड कोण?’ सासर पारखावे तसा गाइड पारखावा, असे आम्ही प्राध्यापक मंडळी गमतीने म्हणत असू. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझी तीसेक वर्षे गेली. विषय अवघड म्हणून संशोधन सोडणारी हुशार मुले मी फारशी पाहिली नाहीत. पाठीशी कोणी नाही म्हणून सोडणारी मात्र पुष्कळ पाहिली. आणि विषय एचआयव्हीचा असेल तर पाहायलाच नको! तिथे विषाणूच्या जोडीला लोकांची कुजबुजही असते.

अशा वेळी मला मद्रासच्या डॉ. सुनीती सोलोमन आठवतात. माहेरच्या त्या गायतोंडे. मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या, चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरातल्या. मद्रास मेडिकल कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. सेल्लप्पन निर्मला ही त्यांची विद्यार्थिनी, वय ३२, पदरात दोन लहान मुले. प्रबंधासाठी बाईंनी विषय सुचवला, आपल्याकडे एड्सचा विषाणू आहे का ते शोध.

भारतात हा रोग येणारच नाही, असे तेव्हा भलेभले म्हणत. मुंबईहून शेकडो नमुने पुण्याच्या विषाणू संस्थेत तपासायला गेले होते, एकातही विषाणू सापडला नव्हता. इथेही काही सापडणार नाही, असे निर्मलांनी बाईंना सांगून पाहिले. बाई ऐकेनात.

मग सुरू झाली पायपीट. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया कुठे भेटतात, हेही निर्मलांना ठाऊक नव्हते. आधी सरकारी रुग्णालयात, मग पोलिसांनी पकडून आणलेल्या स्त्रियांना ठेवत त्या सुधारगृहात त्या जाऊ लागल्या. बसच्या भाड्याचीही ओढाताण, म्हणून पती स्कूटरवरून सोडत. हातमोजे नाहीत, साधने नाहीत. तीन महिन्यांत सुमारे ८० नमुने जमले. बाईंनी आणि त्यांनी मिळून जुजबी प्रयोगशाळा उभी करून सीरम वेगळा केला. ठेवायचा कुठे? घरच्या फ्रिजमध्ये!

चाचणीची सोय वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात होती. ती बाईंनी जुळवून दिली. फेब्रुवारी १९८६ मध्ये नवरा-बायको बर्फाच्या डब्यात नमुने घेऊन रात्रीच्या गाडीने निघाले. डॉ. जेकब जॉन यांच्या विभागात दोन तरुण डॉक्टर निर्मलांच्या मदतीला मिळाले. चाचणी लावली, आणि पाहतात तो सहा नमुने पिवळे! म्हणजे विषाणू भारतात पोचलेला होता.

यापुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. आता तू आणि तुझा प्रबंध, असे म्हणून बाई बाजूला झाल्या नाहीत. तरुण मंडळींबरोबर त्या स्वतः सुधारगृहात गेल्या. सहाही स्त्रियांचे रक्त पुन्हा घेतले गेले, अमेरिकेत त्याची तपासणी झाली आणि निदान पक्के ठरले. अवघड विषय देणारे गाइड पुष्कळ असतात; त्या विषयाचे ओझे अर्धे आपल्या खांद्यावर घेणारे थोडे.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. रक्त नेमके कशासाठी घेतले जात आहे, हे त्या स्त्रियांना सांगितलेले नव्हते. आज असे करता येणार नाही आणि ते योग्यच आहे. समजावून संमती घेणे, नाव गुप्त राखणे, हे आता गाइडने चाचणीच्याही आधी शिकवायचे असते. रक्ताच्या बाटलीमागे एक माणूस आहे, हे तरुण संशोधकाला कोणीतरी सांगावेच लागते.

दुसरी गोष्ट श्रेयाची. सोलोमनबाईंनी १९९३ मध्ये वडिलांच्या नावाने एड्स संशोधन आणि शिक्षणाचे केंद्र काढले, २०१५ मध्ये निधन होईपर्यंत रुग्णांची सेवा केली. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. निर्मलांनी मात्र १९८७ मध्ये प्रबंध सादर केला, सरकारी नोकरी धरली आणि त्या विस्मृतीत गेल्या. २०१६ मध्ये बीबीसीने त्यांची हकिगत छापली, तेव्हा कुठे अनेकांना नाव कळले. माझी एक विद्यार्थिनी याच क्षेत्रात आहे. ‘सर, काम माझे, पण निबंधावर माझे नाव चौथे,’ असे तिने सांगितले, तेव्हा तिला काय उत्तर द्यावे ते मला सुचेना. कष्टाचे नाव ज्याचे त्याला पोचवणे, हेही मार्गदर्शनच नव्हे का?

आज देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. औषधांनी त्यांचे आयुष्य वाढवले. वर्षातून दोनदा घ्यायच्या प्रतिबंधक इंजेक्शनला २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच वर्षी तिकडून जगभर जाणाऱ्या संशोधनाच्या पैशाला कात्रीही लागली. लस अजून नाहीच. राहिलेले काम तरुणांना करायचे आहे आणि नेमक्या अशाच वेळी पोटापाण्याच्या धास्तीने ते दुसरी वाट धरतात.

त्यांना टिकवण्याचे काम एकट्या गाइडचे नाही. तुमच्या घरातली मुलगी उद्या असा ‘नको तो’ विषय घेऊन आली, तर लोक काय म्हणतील हे आधी विचारू नका. निर्मलांच्या पतीने काय केले ते आठवा. त्यांनी स्कूटर काढली.