मार्गारिटाच्या चवीची बिअर: दारूत दारू मिसळलेली नाही

वाशीम, कारंजा, रिसोडकडची मुलं नोकरीसाठी पुण्यात गेली की गावच्या दुकानात कधी न दिसलेल्या बिअरशी त्यांची गाठ पडते. 2009 साली पुण्यात ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तेव्हापासून तिथे क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या प्रमाणावर वेगवेगळ्या चवींत बनवलेली बिअर, रुजली आहे. आता कॉकटेलच्या चवीवर बेतलेल्या बिअरही मिळतात आणि त्यांच्याविषयी बरंच चुकीचं बोललं जातं.

पहिला समज, अशा बिअरमध्ये कडक दारू मिसळतात. सहसा तसं नसतं. उदाहरणार्थ, मार्गारिटा हे कॉकटेल म्हणजे टकीला ही कडक दारू, संत्र्याच्या चवीचं लिकर, लिंबाचा रस आणि ग्लासच्या कडेला लावलेलं मीठ. बिअर करणारा यातली टकीला सोडतो. आंबटपणा, खारटपणा आणि संत्र्याचा वास तेवढा उचलतो. त्यासाठी त्याला ‘गोझ’ ही जर्मनीतली जुनी बिअर आयती सापडली. गोस्लार गावावरून नाव पडलेली आणि लाइपझिगमध्ये वाढलेली ही गव्हाची आंबट बिअर. तिच्यात मीठ पडतं आणि आपल्या मसाल्याच्या डब्यातले धनेसुद्धा. दुसऱ्या महायुद्धानंतर ती जवळपास बंद पडली होती. 1980च्या दशकात पुन्हा सुरू झाली. तिच्यात लिंबाची, संत्र्याची साल घातली की मार्गारिटाची आठवण येते. काहीजण टकीलाच्या रिकाम्या लाकडी पिंपात बिअर मुरवतात, तेव्हा लाकडात जिरलेली थोडी दारू उतरते. पण तो अपवाद.

पुण्याच्या ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ या ब्रुअरीने याच वळणाची ‘सॉल्टेड कोकम एल’ ही बिअर केली. मीठ आहेच, आंबटपणाला कोकणातलं कोकम. परक्या कॉकटेलची हुबेहूब नक्कल करण्यापेक्षा हा रस्ता मला जास्त मोलाचा वाटतो.

‘आंबट लागते म्हणजे नासली’, हेही खरं नाही. हा आंबटपणा लॅक्टिक आम्लाचा. ज्वारीची आंबील ज्या प्रकारच्या जिवाणूंनी आंबते, त्याच प्रकारचे इथेही काम करतात. व्हिनेगरसारखा झोंबणारा किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, तर मात्र बाटली खरंच बिघडलेली असते.

बिअर बर्फासारखी गारच हवी, हा हट्टही सोडावा. फार गार बिअरचा वास येत नाही आणि चव तर निम्मी वासातच असते. फ्रीजमधून काढून पाच-दहा मिनिटं थांबा, ग्लासात ओता, फेस येऊ द्या. वास त्या फेसाबरोबर वर येतो. आधी हुंगा. धने, लिंबाची साल ओळखू येते. मग छोटा घोट घ्या: आंबटपणा आणि मीठ दोन्ही जाणवतात.

सगळ्यात घातक समज म्हणजे ‘बिअर काय, पाणीच!’ हिशेब करून पाहा. 5 टक्क्यांच्या 330 मिलीच्या पाइंटमध्ये 16.5 मिली शुद्ध अल्कोहोल असतं. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीच्या 30 मिली पेगमध्ये 13 मिलीसुद्धा नसतं. आपल्याकडे सर्रास खपणारी 650 मिलीची स्ट्राँग बाटली 8 टक्क्यांची असेल, तर तिच्यात 52 मिली, म्हणजे चार पेगांचा ऐवज. रंगावरूनही ताकद कळत नाही. काळीभोर गिनेस साधारण 4.2 टक्क्यांची, तर पिवळीधमक स्ट्राँग तिच्या जवळपास दुप्पट. दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली स्पष्ट सांगितलं आहे.

कायद्याबद्दलही गफलत होते. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी वय 21 पूर्ण लागतं, कडक दारूसाठी 25, आणि परवानाही लागतो. समृद्धी महामार्गाने नागपूरला जाताना वर्धा जिल्हा लागतो, तिथे दारूबंदी आहे. गाडीत बाटली ठेवून जाऊ नका. आणि गाडी तुम्ही चालवणार असाल तर एक घोटही घेऊ नका: 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की तो गुन्हा ठरतो, मग ते बिअरचं असो वा व्हिस्कीचं.