आत्मकथनातल्या खुणा (भाग ४) : दोन तुरुंग, दोन हंस

मार्जान सत्रापी यांच्या 'पर्सेपोलिस' या चित्ररूप आत्मकथनाचं पहिलं प्रकरण आपण मागच्या आठवड्यात वाचलं. १९८० साली तेहरानच्या शाळेत हिजाबची सक्ती होते, आणि मधल्या सुट्टीत मुली त्याच कापडाची उड्या मारायची दोरी करतात, लगाम करून घोडा-घोडा खेळतात. कापड म्हणजे दडपशाही, एवढं ठरवून पान उलटलं असतं तर हा खेळ आपल्याला दिसलाच नसता. आज त्याच नजरेनं हंसाकडे पाहू.

अनूशकाका मार्जीच्या, म्हणजे पुस्तकातल्या लहानग्या सत्रापीच्या, वडिलांचे भाऊ. इराणच्या शहाच्या काळात सोव्हिएत संघात परागंदा झाले, मायदेशी परतताना पकडले गेले आणि नऊ वर्षं कोठडीत राहिले. शहाची सत्ता उलथवणाऱ्या क्रांतीनंतर सुटून घरी आले तेव्हा त्यांनी पुतणीच्या हातावर तुरुंगात घडवलेला पावाचा एक हंस ठेवला. काही पानांतच नवी राजवट त्यांना पुन्हा पकडते. शेवटची भेट एकाच माणसाची घेता येणार असते. ते त्या लहान पोरीला बोलावतात आणि तिला दुसरा हंस देतात. त्यानंतर येते ती रशियन हेर ठरवून त्यांना मारल्याची वर्तमानपत्रातली बातमी.

हंस म्हणजे स्वातंत्र्य, असं अनेकदा लिहिलं जातं. मला ते पटत नाही. हा हंस उडत नाही. कैद्याच्या वाट्याच्या पावातून तो झाला आहे आणि मुलीच्या मुठीत मावतो. माझ्या मते खरा अर्थ संख्येत आहे. पहिला हंस शहाच्या तुरुंगातला, दुसरा इस्लामी प्रजासत्ताकाच्या. हात तेच, पाव तोच. सत्ता बदलली तरी कोठडी तशीच राहिली, हे सत्रापी कुठेही भाष्य करून सांगत नाहीत. दोन हंसांवर सोडून देतात. काकांच्या मृत्यूची बातमी कळल्यावर मार्जी तिच्याशी बोलायला येणाऱ्या लाडक्या देवाला खोलीतून हाकलून देते. ते पान वाचताना आजही माझा घसा दाटून येतो.

पुस्तकातल्या दुसऱ्या एका खुणेची, चावीची, गोष्ट उलटी आहे. हंस प्रेमानं घडवलेला, चावी सत्तेनं वाटलेली. इराण-इराक युद्धात (१९८०-८८) घरकाम करणाऱ्या नसरीनबाईंच्या मुलाला शाळेत सोनेरी रंग दिलेली प्लास्टिकची चावी मिळते : लढताना मेलास तर स्वर्गाचं दार उघडेल! अशा चाव्या गरीब घरच्या मुलांच्याच गळ्यात पडतात. सत्रापी एकाच पानावर वर सुरुंगांनी उडालेल्या मुलांच्या काळ्या आकृती काढतात, गळ्यात चाव्या असलेल्या; खाली मार्जी पार्टीत नाचते आहे, अंगात भोकाभोकांचा स्वेटर, गळ्यात साखळी आणि खिळे. दोन्हीकडे हातपाय तसेच फेकलेले आहेत. इथे लेखिका स्वतःच्या सुखवस्तू घरालाही मोकळं सोडत नाही, आणि म्हणूनच मला हे सबंध पुस्तकातलं सर्वांत प्रामाणिक पान वाटतं.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या घरावर क्षेपणास्त्र पडतं ते प्रकरण घेऊ. त्याआधी ते स्वतः वाचून या. ढिगाऱ्यातलं ब्रेसलेट कोणाचं आहे ते पाहा, आणि त्यानंतरच्या संपूर्ण काळ्या चौकटीपाशी घाई करू नका.