फळें खावींत कीं प्यावींत?

भिवंडीच्या कामतघर भागांत, वऱ्हाळादेवी तलावाच्या आसपासच्या वस्तींत, यंत्रमागांच्या खडखडाटाला सकाळच्या प्रहरीं आणखी एक घरघर येऊन मिळते. ती स्वयंपाकघरांतील मिक्सरची. चटणी-वाटणासाठीं घेतलेल्या या यंत्रांत आतां केळें, पालक, गाजर, बीट, दुधी असें सारें एकत्र फिरतें, आणि तयार होणाऱ्या दाट पेयास तरुण मंडळी ‘स्मूदी’ म्हणतात. नांव परकें, पण कल्पना अगदींच परकी नव्हे. कैरीचें पन्हें, कोकमाचें सरबत, ताकांत किसलेली काकडी यांवर महाराष्ट्राचा उन्हाळा निभावत आला आहे, आणि या भागांतील तेलुगू विणकरांच्या घरीं तेंच ताक ‘मज्जिग’ या नांवानें पानाजवळ असतें. भेद इतकाच कीं, पन्हें हें भोजनाचें सोबती होतें. स्मूदी भोजनाचीच जागा घेऊं पाहते. म्हणून तिचा विचार जरा बारकाईनें करणें प्राप्त आहे.

तिच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं आहाराचे जे नवे निर्देश दिले, त्यांत २००० किलोकॅलरींच्या आहारासाठीं रोज ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळें असें माप सांगितलें आहे. पोळीबरोबर डब्यांत जाणारी दोन चमचे बटाट्याची भाजी या मापाच्या आसपासही फिरकत नाहीं. रातपाळी करून आलेल्या माणसास किंवा सकाळीं लोकल गाडी गांठणाऱ्या मुलीस भाजी चिरून शिजविण्यास सवड नसते, आणि तेथें एक पेला मोठें काम करतो. कच्च्या फळांतील ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेनें नाश पावत नाहीं. पालेभाजीवर लिंबू पिळलें असतां तिच्यांतील लोह शरीरास अधिक मिळतें. गाजरांतील पिवळें द्रव्य स्निग्धांशावांचून नीट शोषलें जात नाहीं; तेव्हां सायीचें दहीं अथवा मूठभर शेंगदाणे सोबत घालणें शहाणपणाचें. वाटलेल्या फळांस हवा लागतांच ‘क’ जीवनसत्त्व कमी होऊं लागतें, यास्तव रात्रीं करून ठेवण्यापेक्षां सकाळीं करून लगेच पिणें बरें.

आतां दांतांची गोष्ट. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील संशोधकांनीं १९७७ सालीं एक साधा पण मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. दहा निरोगी माणसांना त्यांनीं सफरचंद तीन रूपांत दिलें: अखंड, वाटून, आणि चोथा काढलेल्या रसाच्या रूपांत. तिन्हींतील शर्करा सारखीच होती. अखंड फळ खाण्यास लागणाऱ्या वेळाच्या अकराव्या हिश्शांतच रस पोटांत गेला. रसानें तृप्ति सर्वांत कमी झाली आणि त्यानंतर रक्तांतील शर्करा चढून मग एकदम खालीं उतरली. वाटलेलें फळ या दोहोंच्या मध्यें राहिलें. जागतिक आरोग्य संघटनेनेंही २०१५ सालच्या आपल्या निर्देशांत फळांच्या रसांतील शर्करा वेगळी घातलेल्या साखरेच्या पंक्तीस बसविली; अखंड फळांतील शर्करेला मात्र तो दोष लावला नाहीं. याचा घरगुती अर्थ असा कीं, मिक्सरमधील पेय गाळूं नये आणि त्यांत साखर वा मध घालूं नये. चार संत्रीं सोलून खाणारा माणूस विरळा. त्यांचा रस पिणारे मात्र घरोघर आहेत. मधुमेही माणसानें तर फळ चावूनच खावें.

कोणत्याही फळाबरोबर केळें टाकण्याचीही एक खोड जडली आहे. केळें कापल्यावर तें काळें पाडणारें जें पाचकद्रव्य असतें, तें शेजारच्या फळांतील फ्लॅव्हनॉल नांवाचीं गुणकारी द्रव्यें बिघडवितें, असें २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दिसून आलें. केळें त्यामुळें वाईट ठरत नाहीं. सफरचंद किंवा द्राक्षें ज्या गुणासाठीं घ्यावयाचीं, तो हवा असल्यास केळें निराळें खावें, इतकेंच.

याहून गंभीर प्रकरण दुधीचें आहे. दुधी हा आजाऱ्याचा पथ्याचा पदार्थ. त्याची भीति कोणास वाटणार? परंतु दुधी, काकडी, दोडका या कुळांतील वेलींत कुकुर्बिटासिन नांवाचीं कडू विषें उत्पन्न होऊं शकतात, आणि एखादें फळ बाहेरून सर्वस्वी निर्दोष दिसूनही कडू निघतें. भाजी कडू लागली कीं पहिल्या घांसालाच ताट सरकवलें जातें. जीभ आपली पहारेकऱ्याची चाकरी बजावते. रसांत मात्र अर्धा दुधी एका पेल्यांत मावतो, आणि आलें, लिंबू, आंवळा किंवा कारलें घातलें कीं तो कडवटपणा औषधाचाच गुण वाटूं लागतो. डोळे मिटून पेला रिकामा केला जातो. मग थोड्याच वेळांत पोटांत कळा, उलट्या, प्रसंगीं रक्ताची उलटी, जुलाब, आणि रक्तदाब घसरणें. भारतांत यामुळें मृत्यूही घडल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनें या प्रश्नाचा विचार केला. तिचा सल्ला सरळ आहे: रस काढण्यापूर्वीं दुधीचा लहानसा तुकडा चाखावा, कडू असल्यास सबंध फळ टाकून द्यावें, दुधीच्या रसांत दुसरा रस मिसळूं नये, आणि पिऊन अस्वस्थ वाटल्यास विलंब न करतां रुग्णालय गांठावें. या विषावर निश्चित असा उतारा नाहीं. म्हणून वेळेलाच महत्त्व.

पालकाविषयीं दोन शब्द. कच्च्या पालकांत ऑक्झलेट विपुल असतें. मुतखड्याची प्रवृत्ति असलेल्यानें रोज मूठमूठ कच्चा पालक पिणें हिताचें नव्हे. उकडून पाणी टाकल्यास हा दोष बराच कमी होतो. मूत्रपिंडाचा विकार जडलेल्यांनीं तर वैद्यांस विचारल्यावांचून असलीं पेयें घेऊंच नयेत, कारण फळभाज्यांतील पोटॅशियम त्यांच्या शरीराबाहेर नीट टाकलें जात नाहीं.

कामतघरच्या बाजारांतून सहज जमेल असा एक पेला: एक पिकला पेरू, चाखून पाहिलेली अर्धी काकडी, वाटीभर दहीं, थोडी कोथिंबीर, भाजलेलें जिरें आणि चिमूटभर मीठ. पेरूच्या बिया मिक्सरला पुरत्या दळत नाहींत. त्या दातांखालीं आल्या तर येऊं द्याव्यात. भाजी व फळें वाहत्या स्वच्छ पाण्यानें धुवावींत, बर्फ घरच्या उकळलेल्या पाण्याचाच असावा, आणि भांडें वापरल्याबरोबर पात्याखालील रबरी चकती काढून घासावी. आदल्या दिवसाचें फळ तेथेंच आंबत बसलेलें असतें.