थंडीत अडणारा गिअर आणि ‘नव्वद नंबर’चे गैरसमज

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे जुन्या मॅन्युअल गिअरबॉक्सचा दुसरा गिअर जड पडतो, कधी करकरत पडतो. बुलढाणा जिल्ह्यात महिंद्राच्या जुन्या जीप, टाटा 407, कापूस-तूर वाहणारे टेम्पो अजून धावतात आणि हंगामही नेमका थंडीतला असतो. ‘ऑईल गोठले’ हे अशा वेळचे ठरलेले निदान. ते चूक आहे.

गिअर ऑईलच्या नंबरांची प्रतवारी एसएई ही अमेरिकी संस्था ठरवते. ‘डब्ल्यू’ लागलेला आकडा थंडीचा. 85डब्ल्यू ऑईल उणे 12 अंश सेल्सिअसपर्यंत, 80डब्ल्यू उणे 26 पर्यंत आणि 75डब्ल्यू उणे 40 पर्यंत ठरलेल्या मर्यादेपेक्षा घट्ट होता कामा नये, असा नियम आहे. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या रांगेवर सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. तिथे थंडीत पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, थंडीच्या लाटेत त्याखालीही जातो. घाटाखाली मलकापूर, नांदुऱ्याकडेही पारा उण्यात जात नाही. म्हणजे 85डब्ल्यूसुद्धा इथल्या थंडीला पुरून उरते. द्रास-कारगिलसाठी ज्याचा विचार करावा ते 75डब्ल्यू केवळ थंडीच्या नावाखाली घाटावरच्या जीपमध्ये ओतण्याचे कारण नाही.

मग गिअर जड का पडतो? ऑईल गोठत नसले तरी दाट नक्की होते. साध्या 90 नंबरच्या ऑईलची दाटी 100 अंश तापमानाला जेमतेम 14 ते 18 सेंटिस्टोक असते, 40 अंशांना दोनशेच्या आसपास जाते आणि दहा अंशांना हजाराच्या वर. गिअर बदलताना पितळी सिंक्रो रिंगने गिअरच्या शंकूवरचा ऑईलचा थर कापून दोन्ही भागांचा वेग जुळवायचा असतो. थर दाट असला की त्याला वेळ लागतो, तेवढेच. काही किलोमीटरांत ऑईल घुसळून कोमट होते. बुलढाण्याहून मोताळ्याकडे निघालेल्या गाडीची तक्रार राजूर घाट संपेपर्यंत बहुधा मिटलेली असते. गाडी तापल्यावरही गिअर करकरत असेल तर दोष ऑईलच्या नंबरात नाही. आधी क्लच पूर्ण सुटतो का ते पाहावे, मग सिंक्रो रिंगकडे वळावे. काही जुन्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो नसतोच. गाडी चालत असताना तो टाकला की करकरणारच, मग ऋतू कोणताही असो.

90 नंबर म्हणजे इंजिनच्या 40 नंबरच्या दुप्पट दाट, हाही पक्का समज. प्रत्यक्षात दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. गिअरचे 90 आणि इंजिनचे 40-50 दाटीने जवळपास सारखेच भरतात. म्हणून इंजिन ऑईल ‘पातळ’ समजून थंडीपुरते गिअरबॉक्समध्ये टाकण्यात काही हशील नाही. दात रगडले जाताना लागणारी गिअर ऑईलची रसायने मात्र हातची जातात. रॉकेल किंवा डिझेल मिसळून ऑईल पातळ करणे तर सरळ नुकसानीचे. पहाटे गिअर हलका पडेल, पण दुपारी भरल्या गाडीने घाट चढताना दातांमध्ये ऑईलचा थर टिकणार नाही.

याच्या उलट टोकाचा उपाय 140 नंबरचा. जुना गिअरबॉक्स घुरघुरतो म्हणून 140 भरले की आवाज दबतो, आणि बेअरिंग दुरुस्त झाल्याचा भास होतो. बेअरिंग झिजायची ती झिजतेच. वर थंडीत गिअर आणखी जड. 140 ची जागा काही अवजड गाड्यांच्या मागच्या अॅक्सलमध्ये आहे, तीही उत्पादकाने सांगितले असेल तर.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज नंबराचा नाहीच, डब्यावरच्या ‘जीएल’ या खुणेचा आहे. जीएल-5 हे जीएल-4 पेक्षा वरचे, म्हणून चांगले, असे दुकानातही ऐकू येते. प्रत्यक्षात ही कामांची विभागणी आहे. डिफरन्शियलमधील हायपॉइड क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर जोराने घसरतात. त्यांच्यासाठी जीएल-5 मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायने अधिक घातलेली असतात. पितळी रिंगच्या गिअरबॉक्सला ती दोन प्रकारे बाधतात. सक्रिय गंधक तापल्यावर पितळेतील तांब्यावर काम करते. शिवाय ऑईल जास्त निसरडे असले तर रिंगची पकड उशिरा बसते. सगळीच जीएल-5 पितळ खातात असे नाही, नव्या ऑईलमध्ये हा दोष बराच आवरला आहे; पण पकडीचा प्रश्न उरतोच. जिथे जीएल-4 सांगितले आहे तिथे जीएल-4 च घालावे. डब्यावरची ‘ईपी 90’ ही ठळक अक्षरे ऑईल जीएल-4 आहे की जीएल-5 हे सांगत नाहीत; डब्याच्या मागचा बारीक मजकूर वाचावा लागतो.

ट्रॅक्टरचा हिशेब वेगळा. ज्यांचे ब्रेक ऑईलमध्ये बुडालेले असतात आणि हायड्रॉलिकलाही तेच ऑईल जाते, त्यांना वेट ब्रेकसाठीचे खास ट्रॅक्टर ऑईलच लागते. 90 नंबर तिथे चालत नाही.

‘गिअर ऑईल बदलायचे नसते, कमी झाले की भरायचे’ या समजुतीने थंडीपेक्षा जास्त गिअरबॉक्स खाल्ले असावेत. पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यातून गेलेल्या गाडीचे ऑईल ताकासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी आहे. ते बदललेच पाहिजे. गाडी थोडी चालवून ऑईल कोमट करावे, सपाट जागी उभी करावी आणि आधी भरण्याचा बोल्ट सुटतो का ते पाहून मगच खालचा काढावा. खालचा उघडून ऑईल वाहून गेले आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागीच अडकते. बोल्टच्या चुंबकावर राखाडी चिखल असणे स्वाभाविक. ऑईलमध्ये सोनेरी चमक दिसली तर पितळ झिजते आहे. पोलादाचे तुकडे निघाले तर गिअरबॉक्स उघडावाच लागतो.

साध्या 90 ऐवजी 80डब्ल्यू-90 घेतल्यास तापलेल्या गाडीत दाटी तीच राहते आणि पहाटे गिअर थोडा हलका पडतो. पितळी सिंक्रो रिंगच्या जुन्या गिअरबॉक्सला 80डब्ल्यू-90, जीएल-4 हे ऑईल घाटावर आणि घाटाखाली बारा महिने पुरते. उत्पादकाच्या पुस्तिकेत वेगळे लिहिले असेल तर पुस्तिका खरी.